पाहुण्यांचा बाजार : हमामेतचा धडा, मूलचा हिशेब

ताडोबाच्या पाहुण्यांसाठी कर्ज काढून दुकान टाकावे काय? मूलमधील व्यापारी बांधवांनी त्याआधी ट्युनिशियातील एक बाजार समजून घ्यावा.

भूमध्य समुद्राच्या काठी हमामेत नावाचे गाव आहे. जुना किल्ला, पांढरी घरे, लांबच लांब वाळू. 1960 नंतर तेथे हॉटेले वाढली आणि उन्हाळ्यात युरोपातील पाहुण्यांची रीघ लागू लागली. जवळच नाबुल हे कुंभारकामाचे शहर. पाहुणा मुक्काम हमामेतला करतो, पण ताटे, वाडगे आणि रंगीत फरशा घ्यायला नाबुलच्या शुक्रवारच्या बाजारात येतो. वाघ ताडोबात आणि बाजार मूलमध्ये, तसाच हा प्रकार.

26 जून 2015 रोजी त्याच किनाऱ्यावरील सूस येथे हल्ला झाला, 38 जण मारले गेले. पाहुणे येईनासे झाले. अशा वेळी केवळ उंटाचे चित्र काढलेल्या बशा विकणाऱ्याने काय करावे? ज्याच्या फरशा देशातल्या घरांना लागतात, त्याला निदान गावचे गिऱ्हाईक उरते.

आपल्याकडे तर बंदी दरवर्षीचीच. ताडोबाचा गाभा 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो. बफरमधील काही फेऱ्या चालतात, पण त्यावर दुकान चालत नाही. भाडे मात्र बारा महिने द्यावे लागते आणि हप्ताही. (व्याजाचा मसला आलिमांना विचारावा, आम्ही येथे फक्त गल्ल्याचे बोलतो.)

म्हणून जे गावात खपते तेच पाहुण्यापुढे नीट मांडावे. तांदूळच घ्या. एचएमटी हा वाण आपल्याच जिल्ह्यातील, नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढला. नाव घड्याळावरून पडले. ही हकीकत छापलेली दोन किलोची पिशवी पुण्या-मुंबईचा माणूस हौसेने नेईल. पावसाळ्यात तोच तांदूळ सुटा विकता येतो. पिशवीत मात्र दुसरा वाण मिसळू नये. मालातला ऐब लपवणे आपल्याला मनाच आहे.

बांबूचे काम करायचे असेल तर चंद्रपूर रस्त्यावर चिचपल्लीला 2014 पासून बांबू प्रशिक्षण केंद्र आहे, तेथे चौकशी करावी. शोभेच्या वस्तूंचा बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून सावलीत वाळवावा लागतो. घाईत विकलेल्या कच्च्या बांबूला भुंगा लागतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी टेबलावर पिवळी भुकटी सांडू लागते.