दुसरा साक्षीदार

पावसाळ्याची रात्र आहे. घराच्या खिडक्या बंद आहेत. अचानक 'धाड' असा आवाज येतो. हा आवाज विजेचा की फटाक्याचा? नुसत्या आवाजावरून नक्की सांगता येत नाही. आवाजापूर्वी लखलखाटही दिसला असेल, तर मात्र शंका उरत नाही. एकाच घटनेचे दोन साक्षीदार मिळतात.

शास्त्रज्ञांपुढे असाच एक प्रश्न होता. डंकन लोरिमर आणि त्यांचे सहकारी ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील रेडिओ दुर्बिणीच्या जुन्या नोंदी तपासत होते. २००१ सालच्या एका नोंदीत त्यांना रेडिओ लहरींचा जोरदार स्फोट आढळला. तो सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकाही टिकला नव्हता. २००७ साली त्यांनी हा शोध जाहीर केला. पुढे असे अनेक स्फोट सापडले. ते फार दूरच्या दीर्घिकांतून येत होते. पण ते होतात कशामुळे, हे कळेना.

मग दुसऱ्या साक्षीदाराचा शोध सुरू झाला. हा साक्षीदार म्हणजे क्ष-किरण. पृथ्वीचे वातावरण आकाशातून येणारे क्ष-किरण अडवते. म्हणून ते टिपण्यासाठी उपग्रह लागतात. भारताने २०१५ साली सोडलेल्या 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहाच्या नोंदीही शास्त्रज्ञांनी तपासल्या. त्यांत या स्फोटांचे क्ष-किरण सापडले नाहीत. तरी मेहनत वाया गेली नाही. ते क्ष-किरण किती तेजस्वी असू शकत नाहीत, हे तरी समजले.

अखेर २८ एप्रिल २०२० हा दिवस उजाडला. कॅनडा आणि अमेरिका येथील रेडिओ दुर्बिणींनी एक स्फोट टिपला. त्याच घटनेचे क्ष-किरण युरोपच्या 'इंटिग्रल' आणि चीनच्या 'इनसाइट' उपग्रहांनीही टिपले. दोन्ही साक्षी जुळल्या. स्फोट आपल्याच आकाशगंगेतील एका मॅग्नेटारवर झाला होता. मॅग्नेटार म्हणजे मोठ्या ताऱ्याचा उरलेला गाभा. तो एखाद्या शहराएवढाच असतो. पण त्याचे चुंबकत्व पृथ्वीपेक्षा लाखो अब्ज पटींनी जास्त असते.

निदान काही रेडिओ स्फोट मॅग्नेटार करतात, हे आता कळले आहे. सगळेच तेच करतात का? त्यासाठी दूरच्या स्फोटांचे साक्षीदार शोधणे चालू आहे.

शब्दार्थ : साक्षीदार – घटना पाहणारा, गवाह. दीर्घिका – असंख्य ताऱ्यांचा समूह. गाभा – आतला भाग.

स्वाध्याय
१. क्ष-किरण टिपण्यासाठी उपग्रह का लागतात?
२. 'मेहनत वाया गेली नाही,' असे लेखक का म्हणतात?
३. वाक्यात उपयोग करा : शंका न उरणे, वाया जाणे.