सौर वस्तीचे पाणी : उपसा, साठा आणि शुद्धी



आपल्या कार्यक्षेत्रात गावठाणापासून लांब, उसाच्या रानात असलेल्या वस्त्या पुष्कळ आहेत. जिथे तारेची वीज पोचली नाही, किंवा पोचूनही भरवशाची नाही, अशा काही सभासदांनी घरावर सोलर प्लेटा बसवल्या. दिवे लागले, पंखा फिरला. गाडी अडते ती पाण्यापाशी. शेतकी विभागाच्या फेरीत आम्हांला हमखास ऐकू येतं, "साहेब, दिवे लागतात, पण मोटार लावली की इन्व्हर्टर बोंबलतो."

अशाच एका वस्तीवर आम्ही बसलो होतो. एक हॉर्सपॉवरची नेहमीची मोटार, इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या. उसाच्या बिलातून घेतलेल्या त्या बॅटऱ्या तिसऱ्या वर्षीच बसल्या होत्या. मालक वैतागले होते. त्यांच्या सूनबाई मात्र म्हणाल्या, "पाण्याची काळजी नाही, आम्ही उकळून पितो. बाळाच्या दुधालाही तेच." बाळ चार महिन्यांचे. या दोन्ही बोलण्यांचा विचार आजच्या पाठात करू.

वीज साठवू नका, पाणी साठवा

आपल्या वाडवडिलांची मोट दिवसा चालायची. पाणी थारोळ्यात पडायचं आणि रात्री बैल विसावा घ्यायचे. सूर्य हाही दिवसा राबणारा बैल आहे. त्याची ताकद आधी बॅटरीत कोंडायची आणि मग रात्री मोटार चालवायची, यात शिसे-आम्लाच्या बॅटरीत साधारण पाचवा हिस्सा वीज वाया जाते. वर बॅटरी झिजते ती वेगळीच. त्यापेक्षा ऊन असतानाच पाणी वर चढवावे आणि उंचावरच्या टाकीत ठेवावे. टाकीतले पाणी रात्री-बेरात्री आपल्या वजनाने नळाला येते. टाकीला चार्जिंग लागत नाही.

आता हिशेब पाहू. सहा माणसांचे घर आणि चार जनावरे धरली तर दिवसाला सुमारे १,००० लिटर पाणी लागते. ते १०० फूट (३० मीटर) उचलायला निव्वळ काम ०.०८ युनिटचे आहे. लहान पंप, पाइप आणि जोडण्यांतली तूट धरून पाव युनिट समजा. आपल्याकडे ३३० वॅटची एक प्लेट स्वच्छ उन्हाच्या दिवशी सव्वा युनिटच्या आसपास वीज देते. म्हणजे घरच्या पाण्याला एक प्लेट पुरून उरते!

मग इन्व्हर्टर का बोंबलतो? कारण नेहमीची मोटार सुरू होताना चालू प्रवाहाच्या चार ते सहा पट प्रवाह ओढते. त्या एका झटक्यासाठी मोठा इन्व्हर्टर आणि मोठ्या बॅटऱ्या घ्याव्या लागतात. प्लेटेवर थेट चालणारा लहान डी.सी. पंप कंट्रोलरच्या साहाय्याने हळूहळू वेग घेतो. ऊन कमी असेल तर सावकाश चालतो, पण चालतो. भर उन्हात असा पंप तासाभरात हजार लिटरची टाकी भरू शकतो.

पंप घेताना चुकते कुठे?

पहिली चूक उंची मोजण्यात होते. "बोअर दोनशे फूट आहे, म्हणून दोनशे फुटांचा पंप" हे गणित खरे नव्हे. पंप किती खोल सोडला याला महत्त्व नाही. उपसा चालू असताना पाणी जिथे स्थिरावते, तिथपासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची धरावी. मात्र ती मे महिन्यातल्या पातळीवरून धरावी, श्रावणातल्या नव्हे.

दुसरी चूक पाइपात. चार पैसे वाचवायला अर्धा इंची पाइप टाकतात. व्यास निम्मा झाला की तेवढ्याच पाण्याला घर्षण सुमारे तीसपट होते. पाइप एक इंची घ्यावा आणि वळणे कमी ठेवावीत.

तिसरी चूक देखभालीची. प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून, सावली पडणार नाही अशा बसवाव्यात. हंगामात चिमणीची काजळी आणि रस्त्याची धूळ त्यांवर बसते. शेजारी कोणी पाचट पेटवले तर विचारूच नका. प्लेटा सकाळी गार असताना साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसाव्यात. विहीर कोरडी पडली की पंप आपोआप थांबेल आणि टाकी भरली की बंद होईल, ही सोय सुरुवातीलाच करून घ्यावी. पावसाळ्यात ऊन दडते, तेव्हा टाकी दोन दिवस पुरेल एवढी असावी. ती झाकणाची आणि उजेड आत न जाणारी हवी, नाहीतर शेवाळ धरते.

पीएम-कुसुम (२०१९) किंवा राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' (२०२४) या योजनांतून ज्यांच्या विहिरीवर शेतीचा सौर पंप बसला आहे, त्यांनी घरासाठी वेगळा पंप घेण्याआधी थांबावे. वितरण नळाला एक फाटा आणि व्हॉल्व्ह बसवला की तोच पंप काही मिनिटांत घरची टाकी भरील. त्या फाट्यात खताची टाकी किंवा फर्टिगेशन जोडलेले नसावे, ही खबरदारी मात्र घेतलीच पाहिजे.

शुद्ध करायचे ते फक्त पिण्याचे

हजार लिटरपैकी पिण्याला आणि स्वयंपाकाला लागते किती? माणशी पाच लिटर धरले तर ३० लिटर. बाकीचे जनावरांना, अंघोळीला, धुण्याला. वीज खर्चायची ती या तीस लिटरवर.

आणि इथेच खरी गंमत आहे. एक लिटर पाणी विजेवर उकळायला ०.०९ युनिट लागते. म्हणजे जेवढ्या विजेत हजार लिटर पाणी शंभर फूट वर येते, तेवढ्यात तीन लिटरही उकळत नाही. सौर घरात विजेवर पाणी उकळणे म्हणजे घरच्या बैलाला उगाच घाण्याला जुंपणे होय. उकळायचेच असेल तर चुलीवर किंवा गोबरगॅसवर उकळावे.

कमी विजेचे उपाय असे :

१. गढूळ पाण्याला तुरटी फिरवून निवळू द्यावे आणि दुहेरी कापडातून गाळावे. गढूळ पाण्यात पुढचा कोणताही उपाय नीट लागू पडत नाही.

२. टी.सी.एल. पावडर चांगल्या प्रतीची (३३ टक्के क्लोरीन असलेली) असेल, तर हजार लिटरला ५ ग्रॅम पुरते. बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी टाकीत ओतावी आणि अर्धा तास थांबावे. वीज शून्य.

३. नितळ पाणी स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात आडवे ठेवावे. ढगाळ असल्यास दोन दिवस. जंतू मरतात. वीज याही वेळी शून्य.

४. अतिनील किरणांचा दिवा साधारण ११ वॅटचा असतो. टाकी नळाच्या वर दहा-पंधरा फूट असेल तर त्या दाबावरच पाणी गाळणीतून आणि दिव्याखालून जाते, वेगळा पंप लागत नाही.

५. आर.ओ. यंत्र सर्वांत शेवटी. त्याला दाबाचा पंप लागतो आणि एक लिटर शुद्ध करताना घरगुती यंत्र दोन-तीन लिटर पाणी सोडून देते. ते पाणी भांडी-धुण्याला वापरावे. पाण्यात क्षार फार असतील तरच हे यंत्र घ्यावे. शेजाऱ्याने घेतले म्हणून घेऊ नये.

उकळल्याने न जाणारा दोष

आता सूनबाईंच्या बोलण्याकडे वळू. उकळणे, टी.सी.एल., ऊन आणि दिवा हे चारही उपाय जंतूंवर आहेत. पाण्यात विरघळलेले नायट्रेट त्यांनी जात नाही. उलट उकळताना पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण थोडे वाढतेच. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने कमी होते. बाळ निळसर पडते आणि जिवावरही बेतते. पाणी मात्र दिसायला नितळ आणि चवीला गोडच लागते.

हे नायट्रेट येते कुठून? बंधूंनो, आपल्याच हातून. उसाला गरजेपेक्षा जास्त युरिया टाकायचा, वर पाटाने भरपूर पाणी सोडायचे, म्हणजे न वापरलेला नत्र खाली झिरपून विहिरीला मिळतो. विहिरीला लागून असलेला गोठा, उकिरडा आणि शोषखड्डा त्यात भर घालतात. उसाला घातलेले पैसे नातवंडाच्या वाटीत उतरतात.

त्या वस्तीचे पाणी आम्ही तपासायला लावले. नायट्रेट मर्यादेच्या वर निघाले. बाळाच्या दुधासाठी ते आता गावातल्या नळाचे, तपासलेले पाणी आणतात. बॅटऱ्यांच्या जागी प्लेटेवर चालणारा पंप आणि लोखंडी सांगाड्यावर टाकी आली आहे. युरियाचे हप्तेही मालकांनी माती तपासून ठरवायचे कबूल केले आहे.

म्हणून यंत्र घेण्याआधी पाणी तपासा. पावसाळ्यापूर्वी एकदा, नंतर एकदा. नमुना ग्रामपंचायतीमार्फत जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत देता येतो. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्यावी आणि नमुना त्याच दिवशी पोचवावा.

हंगामात तोडकरी कुटुंबांच्या कोप्या आपल्या बांधालाच पडतात. त्यांचीही लेकरे पाटाचे पाणी पितात. आपल्या टाकीला एक नळ त्यांच्यासाठी काढला आणि पाण्यात टी.सी.एल. टाकली, तर खर्च तो किती?

थोडक्यात लक्षात ठेवा : उपसा दिवसा, साठा पाण्याचा, शुद्धी फक्त पिण्याची, आणि तीही दोष पाहून. पुढील अंकात माती तपासणीवरून उसाचा नत्र कसा ठरवावा ते पाहू. तोवर आपल्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल घेऊन गट कार्यालयात या, बसून बोलू.

— शेतकी विभाग