घराचा व्यवहार : इसारापासून फेरफारापर्यंत

मुंबई–नागपूर लोहमार्गावरील बडनेरा हे अमरावतीचे प्रवेशद्वार. रुळांच्या एका अंगास जुनी वस्ती, दुसऱ्या अंगास नवी वस्ती, आणि दोहोंच्या भोवती वाढत चाललेले नवे भूखंड असे या गावाचे आजचे रूप आहे. १५ ऑगस्ट १९८३ रोजी अमरावती महानगरपालिका अस्तित्वात आली आणि बडनेरा तिच्या हद्दीत समाविष्ट झाले. १६ एप्रिल २०२५ रोजी जवळच्या बेलोरा येथील विमानतळ सुरू झाले. अशा गावात घरांची व भूखंडांची खरेदी-विक्री सतत होत राहणे स्वाभाविक आहे. या व्यवहारांत उतरणारा माणूस मात्र बहुधा व्यापारी नसतो. निवृत्तीची रक्कम हाती आलेला रेल्वे कर्मचारी, कर्ज काढणारा शिक्षक, शेत विकून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात येणारा शेतकरी अशी ही मंडळी असतात. घर विकत घेण्याचा प्रसंग त्यांच्या आयुष्यात एकदाच येतो. त्यात झालेली चूक दुरुस्त करण्यास दुसरी पुंजी त्यांच्याजवळ नसते. म्हणून या व्यवहाराची कायदेशीर वाट आणि तिचा खर्च प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

नोंदणी म्हणजे काय, आणि काय नव्हे

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ अन्वये शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. मुद्रांक कागदावर लिहून नोटरीसमोर सही केलेला करार, कुलमुखत्यारपत्र किंवा मृत्युपत्र यांच्या आधारे घर 'विकत घेतले' असे मानण्याची प्रथा अनेक ठिकाणी रूढ झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प अँड इंडस्ट्रीज विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणी निर्णय देताना अशा कागदांनी मालकी हक्क मिळत नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

मात्र याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दुय्यम निबंधक दस्ताची नोंद घेतो, विकणारा खरोखर मालक आहे की नाही याचा निवाडा करीत नाही. दस्त लिहून देणारी व्यक्ती तीच आहे काय, मुद्रांक शुल्क पुरेसे भरले आहे काय, दस्त विहित रीतीने सादर झाला आहे काय, एवढे तो मुख्यतः पाहतो. ज्याच्याजवळ पूर्ण हक्क नाही त्याने नोंदणीकृत दस्त करून दिला, तरी घेणाऱ्यास पूर्ण हक्क मिळत नाही. नोंदणीशिवाय मालकी नाही, आणि केवळ नोंदणीने मालकी सिद्ध होत नाही. ही दोन वाक्ये ज्याने ध्यानी ठेवली त्याला पुढील सर्व पायऱ्यांचा अर्थ आपोआप उलगडेल.

प्रथम कागद, मग किंमत

वऱ्हाडातील जुन्या मिळकतींच्या कागदांना या प्रदेशाचा इतिहास चिकटलेला आहे. १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांतास जोडलेले होते, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली. तिच्या आधीच्या अभिलेखांत 'भूमिस्वामी', 'भूमिधारी' असे शब्द आढळतात. अशा जुन्या शेऱ्यांवरून आज जमीन भोगवटादार वर्ग एकची आहे की वर्ग दोनची, हे पडताळून घ्यावे लागते. वर्ग दोनच्या जमिनीचे हस्तांतरण सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

गावठाणातील व नगर भूमापन झालेल्या भागातील घरासाठी पाहावयाचा मुख्य कागद म्हणजे मिळकत पत्रिका. विदर्भात तिला आखीव पत्रिका म्हणतात. तीवर धारकाचे नाव, क्षेत्रफळ, सत्ता प्रकार आणि बोजे नमूद असतात. येथे 'नझूल' हा शब्द दिसल्यास विशेष सावध राहावे. नझूल म्हणजे शहरातील शासकीय मालकीची, भाडेपट्ट्याने दिलेली जमीन. अशा ठिकाणी वरील इमारत धारकाची असली तरी खालची जमीन शासनाची असते. भाडेपट्ट्याची मुदत संपली आहे काय, नूतनीकरण झाले आहे काय, भुईभाडे थकले आहे काय, पूर्वी शर्तभंग झाला आहे काय, विक्रीस परवानगी लागते काय, या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याखेरीज इसार देऊ नये.

गावाबाहेरील भूखंडाची परीक्षा निराळी आहे. सातबारा उताऱ्यावरील जमीन अकृषक झाली आहे काय, अभिन्यास मंजूर आहे काय, विकावयाचा भूखंड त्या नकाशात आहे काय आणि तो रस्त्यासाठी वा मोकळ्या जागेसाठी तर ठेवलेला नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे. मंजुरीविना पाडलेल्या भूखंडांसाठी शासनाने २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा अधिनियम केला. २०२१ मधील सुधारणेने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी विकासास लागू करण्यात आली. परंतु योजना अस्तित्वात असणे वेगळे आणि विवक्षित भूखंड नियमित झालेला असणे वेगळे. विकणाऱ्याकडे नियमितीकरणाचे प्रमाणपत्र आहे की केवळ अर्जाची पोच आहे, हे डोळ्यांनी पाहावे.

यानंतर शोध घ्यावयाचा. नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक दोनमध्ये मिळकतीवर झालेल्या नोंदणीकृत व्यवहारांची माहिती मिळते. साधारणतः मागील तीस वर्षांचा शोध वकिलामार्फत घेण्याचा प्रघात आहे. अलीकडील सूची नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतात, जुन्यांसाठी कार्यालयात अर्ज करावा लागतो. मिळकतीबाबत दावा चालू असेल तर घेणाराही त्या दाव्याच्या निकालाने बांधला जातो, म्हणून तशी चौकशीही करावी.

वारसांच्या सह्या

जुन्या वस्तीतील घरांच्या व्यवहारांत सर्वांत अधिक वाद उद्भवतात ते वारसांवरून. एक प्रसंग कल्पावा. वडिलोपार्जित घर दोन भावांच्या ताब्यात आहे. आखीव पत्रिकेवर त्यांचीच नावे लागलेली आहेत. बहीण लग्न होऊन परगावी गेली आहे. भाऊ म्हणतात, "ताईचे काही म्हणणे नाही." घेणारा त्यावर विश्वासतो, खरेदीखत नोंदविले जाते, घराची दुरुस्ती होते, वर मजला चढतो आणि काही वर्षांनी बहिणीच्या वाटणीच्या दाव्याचे समन्स दारी येते.

हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील ९ सप्टेंबर २००५ च्या सुधारणेने मुलीला सहदायिकी मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणी स्पष्ट केले. म्हणून तोंडी संमतीवर विसंबू नये. बहिणीने खरेदीखतावर लिहून देणार म्हणून सही करावी, अथवा तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी झालेले असावे. वारसांत अज्ञान मूल असल्यास न्यायालयाची पूर्वपरवानगी लागेल काय, याविषयी वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. अशी सही मागणे म्हणजे कोणाच्या घरात भांडण लावणे नव्हे. उलट, पुढे होणारे भांडण त्यामुळे टळते आणि बहिणीचा वाटा तिला उघडपणे मिळण्याची वाट मोकळी होते.

इसार आणि करार

सौदा ठरताच इसार देण्याची रीत आहे. कायद्याच्या दृष्टीने विक्रीचा करार म्हणजे विक्री नव्हे, त्याने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. करार पाळून घेण्याचा दावा करण्याचा अधिकार तेवढा मिळतो. करारात ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरलेली नसल्यास विकणाऱ्याने नकार दिल्याचे कळल्यापासून, तीन वर्षांच्या आत तो दावा दाखल करावा लागतो. म्हणून करारात पूर्ण किंमत, दिलेली रक्कम, उरलेल्या रकमेची मुदत, ताबा देण्याची तारीख, थकीत कर कोणी भरावयाचा आणि हक्क सदोष आढळल्यास इसार परत मिळण्याची अट स्पष्ट लिहावी. कराराबरोबरच ताबा द्यावयाचा असेल, तर त्या करारावर खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क लागते आणि त्याची नोंदणी करावी लागते. पुढील खरेदीखतावर मग नाममात्र शुल्क बसते.

इसाराची रक्कम रोखीने देण्याचा आग्रह झाल्यास तो मोडून काढावा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे आयकर कायद्यानुसार निषिद्ध असून स्वीकारणाऱ्यास तितकाच दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाल्यास बँकेतून दिलेली रक्कम सिद्ध करणे सोपे जाते.

खर्चाचा हिशेब

मुद्रांक शुल्क दस्तात लिहिलेली किंमत आणि वार्षिक मूल्य दर तक्त्यानुसार येणारे बाजारमूल्य, यांपैकी जे अधिक त्यावर आकारले जाते. अमरावती महानगरपालिका हद्दीत, व म्हणून बडनेऱ्यात, खरेदीखतावर पाच टक्के मुद्रांक शुल्क आणि एक टक्का स्थानिक अधिभार मिळून सहा टक्के होतात. केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावे निवासी घर घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजार रुपयांहून अधिक नाही.

समजा, एका घराची ठरलेली किंमत २४ लाख रुपये आहे आणि दर तक्त्याप्रमाणे मूल्य २६ लाख येते. हिशेब २६ लाखांवर होईल : मुद्रांक शुल्क १,५६,००० रुपये, नोंदणी फी २६,००० रुपये, एकूण १,८२,००० रुपये. तेच घर पत्नीच्या एकटीच्या नावे घेतल्यास शुल्क १,३०,००० रुपये आणि एकूण खर्च १,५६,००० रुपये. म्हणजे २६,००० रुपयांची रीतसर बचत. याखेरीज वकिलाची शोध व मसुद्याची फी, अर्जनवीसाचा मेहनताना आणि दस्त हाताळणी शुल्क धरावे लागते. मध्यस्थ असल्यास त्याची दलाली आधीच लेखी ठरवावी. वेगळा करार नसेल तर मुद्रांक शुल्काचा भार कायद्याने घेणाऱ्यावर असतो.

दस्तात किंमत कमी दाखवून शुल्क वाचविण्याचा मोह कित्येकांना होतो. वरील उदाहरणात किंमत २० लाख लिहिली तरी शुल्क २६ लाखांवरच बसेल. वाचणार काहीच नाही. उलट व्यवहार फिसकटला तर घेणाऱ्यास २० लाखांचाच पुरावा उरेल. कमी मुद्रांकाचा दस्त तूट व दंड भरल्याखेरीज पुराव्यात घेतला जात नाही, आणि तुटीवर दरमहा दोन टक्के दराने दंड बसतो. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून व्यवहाराआधी चालू दर पाहून घ्यावेत.

नोंदणीचा दिवस

बडनेऱ्यातील मिळकतीचे दस्त अमरावती येथील दुय्यम निबंधक कार्यालयांत नोंदविता येतात. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त सादर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून तो स्वीकारला जाऊ शकतो. घेणारा व देणारा दोघांचीही छायाचित्रे आणि अंगठ्यांचे ठसे घेतले जातात, तसेच साक्षीदारांकडून ओळख पटविली जाते. सही करण्यापूर्वी दस्त पूर्ण वाचावा. विशेषतः चतुःसीमा, क्षेत्रफळ, नगर भूमापन क्रमांक आणि नावांची अक्षरे आखीव पत्रिकेशी ताडून पाहावीत. एका अंकाची चूक दुरुस्त करण्यासाठी पुढे चूक दुरुस्ती पत्र करावे लागते आणि तोवर विकणारा गाव सोडून गेलेला असू शकतो.

विकणाऱ्याने लक्षात ठेवावे

मिळकतीतील महत्त्वाचा, सहज न दिसणारा दोष घेणाऱ्यास सांगणे हे विकणाऱ्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. घर दोन वर्षांहून अधिक काळ धारण केलेले असल्यास नफ्यावर दीर्घकालीन भांडवली लाभाचा कर लागतो. २३ जुलै २०२४ पासून त्याचा दर साडेबारा टक्के आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीय व्यक्तीस, महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन वीस टक्क्यांनी हिशेब करण्याचा पर्यायही ठेवलेला आहे. त्या लाभातून विहित मुदतीत दुसरे निवासी घर घेतल्यास सूट मिळते. व्यवहार ५० लाख रुपये किंवा अधिक किमतीचा असल्यास घेणाऱ्याने एक टक्का आयकर कापून शासनाकडे भरावयाचा असतो.

नोंदणीनंतर

खरेदीखत हाती पडले की काम संपले, असे अनेकांस वाटते. तथापि आखीव पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर फेरफार होणे, महानगरपालिकेच्या मालमत्ता करनोंदीत नाव लागणे, वीज व पाण्याची जोडणी आपल्या नावे होणे या पायऱ्या अजून बाकी असतात. फेरफाराने मालकी मिळत नाही, ती दस्ताने मिळते. परंतु फेरफार झाला नाही तर अभिलेखात जुन्या मालकाचेच नाव राहते आणि त्याच नावावर दुसऱ्यास गंडविण्याची संधी कोणासही मिळते. मूळ दस्त, आधीच्या दस्तांच्या साखळीतील कागद, करपावत्या आणि बोजा फिटल्याचा दाखला एका ठिकाणी जपून ठेवावेत. हे घर उद्या मुलांना विकावयाचे झाले, तर त्यांना हेच कागद दाखवावे लागतील.

२६ लाखांच्या घरामागे दीड-पावणेदोन लाखांचा शासकीय खर्च सामान्य कुटुंबास जड वाटणे साहजिक आहे. पण हा खर्च आधी मोजता येतो, त्याची तजवीज करता येते. न घेतलेल्या शोधाची, न घेतलेल्या सहीची आणि न केलेल्या नोंदणीची किंमत मात्र आधी मोजता येत नाही. ती न्यायालयाच्या तारखांमध्ये, वर्षानुवर्षे, हप्त्याहप्त्याने भरावी लागते. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतील चार खोल्यांचे घर असो वा नव्या अभिन्यासातील भूखंड असो, आधी कागद, मग इसार, नंतर नोंदणी आणि शेवटी फेरफार हा क्रम ज्याने सोडला नाही, त्याला आपल्या उंबरठ्यावर निश्चिंत मनाने पाऊल ठेवता येईल.