आधी हप्ता की आधी औषध?



2020 च्या टाळेबंदीत ‘मोरॅटोरियम’ हा शब्द चिमूरच्या बाजारातही ऐकू येऊ लागला. मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांचे कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती. हप्ता थांबला, व्याज मात्र चालूच राहिले. गरीब राष्ट्रांच्या बाबतीतही असेच घडले. ते कसे, हे आज आम्ही पाहणार आहोत.

1. आपले राज्य
साथ आली की सरकारचे कराचे उत्पन्न आटते आणि खर्च वाढतो. 4 मे 2020 रोजी महाराष्ट्र शासनाने त्या वर्षीच्या विकासखर्चाला 67 टक्के कात्री लावली आणि नोकरभरती थांबवली. आरोग्य खात्याला मात्र त्यातून सूट दिली. राज्याला एक वाट तरी मोकळी होती. केंद्राने राज्यांची कर्जमर्यादा 3 वरून 5 टक्क्यांपर्यंत, काही अटींवर, वाढवली. शिवाय हे कर्ज देशातच, रुपयांत मिळत होते.

2. गरीब देश
अनेक गरीब देशांचे कर्ज डॉलरमध्ये असते. साथीत निर्यात व पर्यटन मंदावते, चलन घसरते आणि डॉलरचा तोच हप्ता महाग होतो. औषधे व लशीही डॉलर देऊनच आणाव्या लागतात. थैली एक आणि मागणारे दोन! तांबे विकून जगणारा झांबिया नोव्हेंबर 2020 मध्ये परदेशी रोख्यांचे सुमारे 4 कोटी 25 लाख डॉलरचे व्याज भरू शकला नाही. रोखेधारकांशी तडजोड व्हायला 2024 साल उजाडले. परकीय चलनाची ही टंचाई आपणही अनुभवली आहे. 1991 मध्ये भारताने सुमारे 47 टन सोने मुंबईहून इंग्लंडला तारण म्हणून पाठवले होते.

मे 2020 ते डिसेंबर 2021 या काळात जी-20 राष्ट्रांनी 73 देशांना हप्ते पुढे ढकलण्याची सवलत देऊ केली. 48 देशांनी ती घेतली आणि सुमारे 1,290 कोटी डॉलर पुढे ढकलले गेले. पण ते माफ झाले नाहीत, आणि खाजगी सावकार या योजनेत जवळजवळ आलेच नाहीत.

3. न्याय कोणता?
घेतलेले फेडावे, हा न्यायच आहे. कर्ज माफ केले तर उद्या कोण देईल, आणि पुढाऱ्यांनी खाल्लेला पैसा का सोडावा, हे प्रश्नही रास्त आहेत. परंतु खाटेवर पडलेल्या रुग्णाने त्या करारावर सही केलेली नसते. प्राणांतिक गरजेच्या वेळी जगण्याची साधने सर्वांची असतात, असे संत थॉमस अक्विनास शिकवतात. म्हणून माफी द्यावी, पण वाचलेला पैसा दवाखान्यांवरच खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब जनतेपुढे उघडा असावा, असे आम्हाला वाटते.

सातव्या वर्षी कर्जमुक्ती द्यावी, असे अनुवाद ग्रंथाचा 15 वा अध्याय सांगतो. त्याच परंपरेला धरून पोप फ्रान्सिस यांनी 12 एप्रिल 2020 च्या ईस्टर संदेशात आणि पुन्हा 2025 च्या ज्युबिली वर्षाच्या घोषणापत्रात गरीब देशांच्या कर्जमाफीची हाक दिली.

कुटुंबात चर्चेसाठी:
• आजारपणासाठी काढलेले कर्ज आणि लग्नासाठी काढलेले कर्ज, यांत आपण फरक करतो का?
• आपल्या बचत गटात एखादी बहीण आजारी पडली, तर तिच्या हप्त्याचे आपण काय करतो?