क्रीडाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कायद्याचे शिक्षण

क्रीडाशास्त्राचा विद्यार्थी शरीररचना, आहार व प्रशिक्षणतंत्र यांचा कसून अभ्यास करतो. परंतु उद्या शाळेचे मैदान त्याच्या स्वाधीन होईल, तेव्हा मुलांच्या सुरक्षिततेची कायदेशीर जबाबदारीही त्याच्यावर येईल. म्हणूनच विद्यापीठीय अभ्यासक्रमात कायद्याला स्थान हवे. वकील घडविणे हा त्याचा हेतू नव्हे. कलमे पाठ करून घेण्यापेक्षा मैदानावरील प्रसंगांतून कायदा शिकविणे अधिक फलदायी ठरते.

पहिला धडा संमतीचा. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ८७ खाली करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे उदाहरण होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये ते कायम आहे. नियमांनुसार खेळताना होणारी इजा सोसण्यास खेळाडूची संमती असते, हे त्याचे सार. मात्र ही तरतूद १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. शालेय खेळाडूंच्या बाबतीत शिक्षकाला तिचा आधार घेता येत नाही.

दुसरा धडा निष्काळजीपणाचा. इंग्लंडमध्ये १९९१ साली कुमारांच्या रग्बी सामन्यात एक सतरा वर्षांचा खेळाडू कायमचा अपंग झाला. सुरक्षिततेचे नियम पंचाने कसोशीने पाळून घेतले नाहीत, म्हणून न्यायालयाने १९९६ मध्ये त्याला नुकसानभरपाईस जबाबदार धरले. हा निर्णय भारतात बंधनकारक नाही. तथापि, धोका आधी ओळखता आला असता काय, हा त्यातील प्रश्न प्रत्येक मैदानाला लागू पडतो.

तिसरा धडा बालकांच्या संरक्षणाचा. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार, असा अपराध घडल्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. संस्थेची अब्रू जाईल या भीतीने मौन पाळणे हाही गुन्हा ठरतो.

वर्गात असे प्रसंग विद्यार्थ्यांपुढे मांडावेत: लांब उडीच्या खड्ड्यात काचा आहेत; कबड्डीच्या मैदानालगत कठडा नसलेली विहीर आहे. धोका कोणी पाहावयास हवा होता? तो ग्रामपंचायतीला लेखी कळविला होता काय? प्रथमोपचाराची सोय होती काय? विद्यार्थ्यांनी उत्तरे लिहून चर्चा करावी. अशा अभ्यासातून शिक्षकाला खेळ बंद करण्याची भीती नव्हे, तर खेळापूर्वी मैदान तपासण्याची सवय लागते. कायद्याला त्याच्याकडून अपेक्षित असते ती हीच वाजवी दक्षता.