अधोरेखित शब्द मोबाइलवर हरवतो : ॲपमध्ये वाक्यातला एकच शब्द वेगळा कसा दाखवायचा?



आधी हा प्रश्न वाचा.

'अधोरेखित शब्दाची जात ओळखा : चांगला गायक चांगला गातो.'

काय उत्तर द्याल? पहिला 'चांगला' गायकाबद्दल सांगतो, म्हणून ते विशेषण. दुसरा 'चांगला' गाण्याच्या क्रियेबद्दल सांगतो, म्हणून ते क्रियाविशेषण. पण विचारलंय कोणत्या शब्दाबद्दल? वाक्याखाली रेघच नाही! मूळ फाइलमध्ये ती दुसऱ्या 'चांगला'खाली होती. तिथून प्रश्न कॉपी करून ॲपमध्ये पेस्ट केला, अक्षरं आली आणि रेघ मागेच राहिली.

शिष्यवृत्तीच्या सरावासाठी आपण शिक्षक जी ॲप्स, चाचण्या बनवतो किंवा एकमेकांना पाठवतो त्यांत हे वरचेवर दिसतं. मोठ्या माणसाला ही किरकोळ बाब वाटते. मुलाचं तसं नसतं. ज्या मुलाने पहिला 'चांगला' पाहून 'विशेषण' निवडलं, त्याचं उत्तर बरोबर आहे. तरी ॲप लाल फुली दाखवतं. घरी समजावून सांगायला कुणी नसतं, आणि मोबाइल चुकू शकतो हे तिसरी-चौथीच्या मुलाच्या डोक्यातही येत नाही. मग ते आपलं बरोबर समजलेलंच पुसून टाकतं. दुसऱ्या दिवशी वर्गात 'मॅडम, चांगला म्हणजे क्रियाविशेषण असतं' असं ऐकवलं जातं. ते पुन्हा रुळावर आणायला नवीन शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

म्हणून आज फक्त एवढंच बघू : वाक्यातला एकच शब्द ठळक, रंगीत किंवा अधोरेखित कसा करायचा, आणि मराठीत हे करताना काय काय आडवं येतं.

रेघ जाते कुठे?

वहीत रेघ आणि अक्षर एकाच शाईचे असतात. मोबाइलमध्ये तसं नसतं. तिथे अक्षरांची एक सरळ माळ साठवलेली असते आणि 'इथपासून इथपर्यंत ठळक', 'इथपासून इथपर्यंत लाल' ही माहिती वेगळी ठेवलेली असते. अँड्रॉइडच्या प्रोग्रॅमिंगमध्ये या पट्ट्याला 'स्पॅन' म्हणतात. ज्या चौकटीला फक्त साधी अक्षरं कळतात, तिच्यात पेस्ट केलं की माळ येते, पट्टा येत नाही.

व्हॉट्सॲपने यावर सोपी युक्ती काढली आहे. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी दिली की शब्द ठळक होतो, अंडरस्कोअर दिला की तिरका होतो. चांदणी शब्दाला चिकटून हवी, मध्ये मोकळी जागा सुटली की चांदणी तशीच दिसते आणि शब्द साधाच राहतो. पण व्हॉट्सॲपवर खाली रेघ मारायची सोयच नाही. तेव्हा पालकांच्या गटावर प्रश्न पाठवताना 'अधोरेखित शब्दाची' हे शब्द बदलून 'ठळक शब्दाची' असं लिहायला हवं. शब्द ठळक करतात आणि सूचना मात्र जुनीच राहते, असं फार वेळा होतं.

ॲप इन्व्हेंटरमध्ये

आपल्यापैकी बरेच जण एमआयटी ॲप इन्व्हेंटर वापरतात, कारण ते फुकट आहे आणि कोड लिहायची गरज नाही, ठोकळे जोडायचे. त्यातल्या लेबलचा रंग बदलला की सगळं वाक्य रंगतं. एकच शब्द रंगवायचा तर डिझायनरमध्ये लेबल निवडा आणि त्याच्या गुणधर्मांत 'एचटीएमएल फॉरमॅट' या चौकटीत टिक करा. मग वाक्यात कोनी कंसातल्या खुणा लिहिता येतात : ठळकसाठी 'बी', अधोरेखितसाठी 'यू', रंगासाठी 'फॉन्ट कलर'. शब्दाआधी उघडणारी खूण, शब्दानंतर तिरपी रेघ घातलेली बंद करणारी खूण. (मी इथे देवनागरीत सांगतेय, टाईप करताना या खुणा इंग्रजी अक्षरांतच लागतात.)

या लेबलमध्ये एन्टर मारून नवी ओळ येत नाही, त्यासाठी 'बीआर' ही खूण लागते. आणि ही सोय लेबललाच आहे, बटणाला नाही. पर्याय बटणांवर ठेवले असतील तर त्यांतला एकच शब्द ठळक होणार नाही. तशी गरज असेल तर प्रश्नाचीच मांडणी बदला.

खुणा हाताने घातल्या तर दहा प्रश्नांना चालतं. शंभर प्रश्न असतील तर आपण सोपा मार्ग शोधतो, आणि मराठी तिथेच अडवते.

'शोधा आणि बदला' का फसतं

सोपा मार्ग म्हणजे 'रिप्लेस ऑल' हा ठोकळा. वाक्यात 'चांगला' शोध आणि त्याजागी खुणांसकट 'चांगला' ठेव. आपल्या वाक्यात काय होईल? दोन्ही 'चांगला' अधोरेखित! प्रश्न पुन्हा तिथेच.

बरं, शब्द एकदाच आला असेल तर? 'राम' शोधा, 'आराम'मधला 'राम'ही रंगतो. 'कर' शोधा, 'शेतकरी'चा मधला तुकडा रंगतो. संगणकाला शब्द कळत नाही, त्याला फक्त लागोपाठची चिन्हं कळतात. शिवाय आपल्या भाषेत शब्द जागच्या जागी थांबतो कुठे! 'पाणी' शोधलं तर 'पाण्यात' सापडतच नाही, 'नदी' शोधली तर 'नद्या' सुटतात. सामान्यरूप आपण वर्गात शिकवतो, पण ते संगणकाला कुणी शिकवलेलं नसतं.

सगळ्यात वाईट गंमत 'घर' आणि 'घरी'ची. 'घर' शोधून रंगवायला सांगितलं की 'घरी'तले 'घ' आणि 'र' पट्ट्यात येतात आणि दीर्घ वेलांटी बाहेर राहते. 'र'पासून तुटलेली ती वेलांटी बऱ्याच मोबाइलवर टिंबांच्या गोलावर बसलेली दिसते. मुलं विचारतात, हे कोणतं अक्षर?

आपण मोजतो आणि मोबाइल मोजतो, यातला फरक

कोड लिहिणारे शिक्षक म्हणतील की शोधायचं कशाला, जागा सांगू. 'अमुक क्रमांकापासून अमुकपर्यंत अधोरेखित कर.' पद्धत बरोबर आहे, स्पॅन तसाच देतात. मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि शेवटचा क्रमांक पट्ट्यात धरत नाहीत. फक्त मोजायचं काय, हा प्रश्न.

आपण मुलांना शिकवतो की 'चांगला' हा तीन अक्षरी शब्द आहे : चां-ग-ला. युनिकोडमध्ये मात्र काना, अनुस्वार, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत. 'चांगला' म्हणजे च, काना, अनुस्वार, ग, ल, काना : सहा चिन्हं. 'शिक्षक' आपल्यासाठी तीन अक्षरं, मोबाइलसाठी सहा चिन्हं, कारण 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष. 'विद्यार्थी' बोलताना तीन अक्षरं आणि साठवताना तब्बल दहा चिन्हं.

आता 'चांगला गायक चांगला गातो' यात दुसरा 'चांगला' कुठे सुरू होतो? डोळ्यांनी अक्षरं आणि मोकळ्या जागा मोजल्या तर शून्यापासून धरून 8 येतात. तीन अक्षरं म्हणजे 8 ते 11. हे आकडे दिले तर रेघ कुठे पडेल? 'गायक'मधल्या काना, य आणि क यांच्याखाली! कारण मोबाइलच्या मोजणीत पहिला 'चांगला' 0 ते 5, मोकळी जागा 6, 'गायक' 7 ते 10, मोकळी जागा 11, आणि दुसरा 'चांगला' 12 ते 17. म्हणून बरोबर आकडे 12 आणि 18.

हे गणित पाचवी-सहावीच्या मुलांना फळ्यावर करायला द्या, फार आवडतं. आपल्या नावात किती अक्षरं आणि किती चिन्हं हे सगळे मोजत बसतात, आणि जोडाक्षरात हलन्त दडलेला असतो हे न सांगता कळतं. ॲप बनवताना मात्र हाताने मोजू नका.

माझा उपाय : तीन तुकडे

मोजायचंही नाही, शोधायचंही नाही. प्रश्नाची शीट बनवतानाच वाक्य तीन रकान्यांत लिहा : आधीचा भाग, निवडलेला शब्द, नंतरचा भाग. चौथ्या रकान्यात उत्तर. आपलं वाक्य असं लिहिलं जाईल : 'चांगला गायक', मग 'चांगला', मग 'गातो.' ॲपमध्ये 'जॉइन' ठोकळ्याने पहिला तुकडा, उघडणारी खूण, दुसरा तुकडा, बंद करणारी खूण आणि तिसरा तुकडा असे जोडायचे. तुकड्यांमधली मोकळी जागा रकान्याच्या शेवटी ठेवू नका, ती कुठे ना कुठे गळून पडते आणि 'गायकचांगलागातो' होतं. ती 'जॉइन'मध्ये वेगळी द्या.

यात एकसारखे दोन शब्द असले तरी गोंधळ नाही, 'घरी' तुटत नाही, आणि शीट बनवणाऱ्याला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. शाळेतल्या दुसऱ्या सरांना रकाने भरायला दिले तरी चालतं. पुढे कुणी फ्लटरमध्ये ॲप बनवलं तर तिथेही 'टेक्स्टस्पॅन' असेच एकामागोमाग एक तुकडे घेतात, प्रत्येकाला वेगळी शैली देता येते. म्हणजे शीट वाया जात नाही.

शब्द वेगळा दिसावा, पण वाचता यावा

इथे प्रत्येकाची आवड वेगळी असते. माझं मत सांगते.

अधोरेखा परीक्षेच्या सवयीसाठी हवीच, पण मराठीत तिचा एक त्रास आहे. हाताने रेघ मारताना आपण उकाराच्या खालून मारतो. मोबाइलवर ती अक्षराच्या तळाशी चिकटून येते आणि पुष्कळदा 'फुल' आणि 'फूल' यांच्या उकारांतूनच जाते. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न असेल तर अधोरेखा वापरूच नका. तिथे ठळक करा किंवा रंग द्या.

ठळक अक्षर उत्तम, पण आकार मोठा ठेवा. लहान आकारात ठळक केलं की अक्षरांतल्या फटी बुजतात आणि 'घ' व 'ध' सारखेच दिसायला लागतात. 'घन' आणि 'धन' यातला फरक नव्या वाचकाला तेवढ्या फटीवरूनच कळतो.

तिरकं अक्षर मी टाळते. इंग्रजीत त्याला छपाईची जुनी परंपरा आहे. मोबाइलवर आपलं अक्षर नुसतं कलंडलेलं दिसतं, आणि नुकतं वाचायला लागलेल्या मुलाला त्याचा काही फायदा नाही.

रंगाबाबत : पांढऱ्यावर पिवळा शब्द दिसतच नाही. वेबवरील सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणाचा फरक किमान 4.5 ला 1 हवा. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा जेमतेम 1.07 भरतो, शुद्ध हिरवा 1.37, आणि आपला लाडका भडक लाल सुद्धा 4 च्या आसपास, म्हणजे थोडा कमीच. गडद निळा किंवा गडद लाल घ्या. आणि फक्त रंगावर भिस्त ठेवू नका. काही मुलांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही, मुलींपेक्षा मुलग्यांत हे जास्त आढळतं, आणि ते आपल्याला वर्षभर कळतही नाही. रंगासोबत ठळकही करा, म्हणजे कुणी सुटत नाही.

वाचनाच्या काही ॲपमध्ये फक्त मात्रा लाल आणि बाकी अक्षर काळं असतं. कल्पना छान आहे, तक्त्यावर आपणही करतो. मोबाइलवर मात्र 'कि'मधली ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी आणि साठवली जाते 'क'नंतर. दोघांना वेगळे रंग दिले की कित्येकदा जोडीच तुटते आणि वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. मुलाला आपण 'वेलांटी अक्षराच्या आधी काढतात' असं शिकवलेलं असतं आणि समोर उलटंच दिसतं. पूर्ण 'कि' रंगवा. फक्त मात्राच दाखवायची असेल तर तिथे चित्र वापरा.

पालकांसाठी एक गोष्ट. मूल ॲपवर वाचत असेल तर कधीतरी शेजारी बसून ऐका. काही मुलं रंगीत शब्द तेवढे मोठ्याने वाचतात आणि उरलेलं वाक्य गिळतात. असं झालं तर ॲप बाजूला ठेवून तेच वाक्य वहीत साध्या अक्षरात लिहून द्या आणि वाचायला सांगा.

ॲप पाठवण्याआधी

ही वाक्यं आपल्या ॲपमध्ये घालून पाहा, अवतरणातला शब्द वेगळा करून. आपल्या स्वतःच्या मोबाइलवर तर पाहाच, पण वर्गातल्या एखाद्या पालकाच्या जुन्या, छोट्या मोबाइलवरही पाहा.

चांगला गायक 'चांगला' गातो. (फक्त दुसराच शब्द वेगळा हवा.)
आजी घरात नाही, 'घरी' आहे. (वेलांटी जागेवर हवी.)
आजोबांनी 'आराम' केला. (पूर्ण शब्द, नुसता 'राम' नको.)
तिने 'फूल' तोडले नाही. (उकार दीर्घ आहे हे दिसलं पाहिजे.)
'विद्यार्थी' रांगेत उभे राहिले. (रफार थीवर हवा, वाक्याचा पहिलाच शब्द असल्याने आधीचा रकाना रिकामा जातो, तिथे ॲप बंद पडत नाही ना?)
'खेळ संपला.' (पूर्ण वाक्य निवडलं तर काय होतं?)