पातळ तळाचे बूट आणि धावण्याचा सराव : एक वैद्यकीय विचार

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आदिलाबादच्या इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियमपासून जैनथ, बेला, तलमडुगूच्या रस्त्यांपर्यंत पहाटेच्या अंधारात धावणारी मुले-मुली दिसू लागतात. तेलंगणातील २०२२ च्या कॉन्स्टेबल भरतीत पुरुषांना १६०० मीटर अंतर ७ मिनिटे १५ सेकंदांत, तर महिलांना ८०० मीटर अंतर ५ मिनिटे २० सेकंदांत कापावयाचे होते. पैनगंगेपलीकडील महाराष्ट्रातही १६०० व ८०० मीटरच्या धावेवर अनेक घरांचे भवितव्य ठरते. कापसाच्या चार-पाच एकरांवर चालणाऱ्या कुटुंबासाठी ती काही मिनिटे म्हणजे कायमच्या पगाराचे दार असते. त्यामुळे या मुलांच्या पायांचा प्रश्न हा केवळ खेळाचा प्रश्न नव्हे, तो पोटाचा प्रश्न आहे.

अलीकडे माझ्या बाह्यरुग्ण विभागात हे तरुण एक प्रश्न आवर्जून विचारतात : “डॉक्टरसाहेब, पातळ तळाचे बूट घेतले तर वेग वाढतो म्हणतात. घेऊ का?” या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

हे बूट म्हणजे नेमके काय?

धावण्याच्या सर्वसाधारण बुटात टाचेखाली फोमचा जाड थर असतो आणि टाच चवड्यापेक्षा साधारण १० ते १२ मिलिमीटर उंच असते. अशा बुटांचा प्रसार प्रामुख्याने १९७० नंतर झाला. याउलट ज्यांना ‘मिनिमलिस्ट’ म्हणतात ते बूट वजनाला हलके, तळाला पातळ आणि सहज वाकणारे असतात. त्यांत टाच व चवडा जवळजवळ एकाच पातळीवर राहतात आणि पावलाला आधार देणारी कोणतीही योजना नसते. पायाच्या नैसर्गिक हालचालीत शक्य तितका कमी हस्तक्षेप करणे, हे त्यांचे तत्त्व होय.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आपण शाळेत कवायतीच्या तासाला घालत होतो तो पांढरा कॅनव्हासचा बूट या व्याख्येच्या बराच जवळ जातो. हजारो रुपयांच्या परदेशी जोडाचा मुख्य गुणधर्म आपल्या बाजारपेठेत फार पूर्वीपासून स्वस्तात मिळत आला आहे.

अनवाणी पायांचा पुरावा

आपल्या जिल्ह्याला अनवाणी पायांची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेस्राम कुळातील गोंड बांधव जन्नारम मंडलातील हस्तिनमडुगू येथून गोदावरीचे जल आणतात. पुष्य अमावास्येच्या पूजेपूर्वीची ही पदयात्रा ते अनवाणी करतात. बालपणापासून मातीवर वावरलेला पाय किती समर्थ असतो, याचे हे दर वर्षी घडणारे दर्शन आहे.

या निरीक्षणाला भारतीय संशोधनाचा आधार आहे. राव आणि जोसेफ यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३०० मुलांच्या पाऊलठशांची तपासणी केली होती. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्या मुलांत २.८ टक्के आढळले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बेंगळुरू परिसरातील व्यक्तींच्या अभ्यासात असे दिसले की, जन्मभर अनवाणी चालणाऱ्यांचा चवडा अधिक रुंद असतो आणि चालताना दाब तळव्यावर अधिक समप्रमाणात विभागला जातो.

मात्र हे अभ्यास घडण होणाऱ्या वयाविषयी आणि चालण्याविषयी आहेत. विसाव्या वर्षी बूट बदलून डांबरी रस्त्यावर धावू लागणाऱ्या तरुणाला ते जसेच्या तसे लागू करणे शास्त्रीय ठरणार नाही.

धावपटूंची उदाहरणेही याच सावधगिरीने वाचावीत. इथिओपियाचे अबेबे बिकिला यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली. तेच बिकिला १९६४ मध्ये टोकियोत बूट घालून धावले आणि तेथेही विजयी झाले, तेही आधीपेक्षा सुमारे तीन मिनिटे कमी वेळात. आपल्या महाराष्ट्रात लता भगवान करे यांनी वयाच्या साठीनंतर बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धाव घेतली आणि ती जिंकली, ती पतीच्या उपचारांना पैसे हवे होते म्हणून. त्यांचे धैर्य वंदनीय आहे. परंतु निरुपायाने केलेल्या पराक्रमाला सरावाची पद्धत समजणे योग्य नव्हे.

धावताना काय घडते?

२०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लीबरमन यांचा शोधनिबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि या बुटांना मोठी चालना मिळाली. अनवाणी धावण्याची सवय असलेले धावपटू बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे टाच आदळताना बसणारा पहिला तीव्र धक्का जवळजवळ नाहीसा होतो, असे त्यांनी दाखविले. मात्र त्यामुळे दुखापती कमी होतात, असा दावा त्या निबंधात नव्हता. पुढे २०१३ मध्ये उत्तर केनियातील दासानच या अनवाणी समाजाचा अभ्यास झाला, तेव्हा लांब अंतराच्या संथ गतीने धावताना त्यांच्यापैकी बहुतेक जण टाचेवरच उतरतात असे आढळले. अनवाणी धावण्याची एकच ‘नैसर्गिक’ रीत नाही, हाच याचा अर्थ.

आपण डॉक्टर मंडळींनी रुग्णाला एक तत्त्व समजावून सांगितले पाहिजे. बूट बदलल्याने शरीरावरील भार नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. टाचेवर उतरणाऱ्याच्या गुडघ्यावर ताण अधिक येतो. चवड्यावर उतरू लागल्यास गुडघ्याचा ताण घटतो, परंतु तोच पोटरीचे स्नायू, अकिलीस कंडरा आणि चवड्याची मेटाटार्सल हाडे यांच्याकडे जातो. ज्याचा गुडघा कुरकुरतो त्याला हा बदल उपकारक ठरू शकेल. ज्याची पोटरी आखडलेली आहे त्याला मात्र तोच बदल अपायकारक ठरेल.

वेगाच्या दाव्यात तथ्य आहे, पण ते मर्यादित. प्रत्येक बुटाचे वजन १०० ग्रॅमने वाढल्यास धावताना लागणारा प्राणवायू साधारण १ टक्क्याने वाढतो. हलक्या बुटाचा लाभ होतो तो यामुळे. तथापि २०१७ नंतर मॅरेथॉनच्या जगात जाड, लवचीक फोम आणि कार्बनची पट्टी असलेल्या बुटांनी बाजी मारली. २०१९ मध्ये व्हिएन्ना येथे एलियुड किपचोगे यांनी १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत मॅरेथॉनचे अंतर कापले, तेही अशाच जाड तळाच्या बुटात. म्हणजे ‘पातळ तोच वेगवान’ हे समीकरणही टिकत नाही.

दुखापतींविषयी संशोधन

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३६ अनुभवी धावपटूंची एम.आर.आय. तपासणी करण्यात आली. दहा आठवड्यांत हळूहळू पातळ तळाच्या बुटांकडे वळलेल्या १९ जणांपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत मज्जेची सूज वाढली. नेहमीचेच बूट वापरणाऱ्या १७ जणांत ती केवळ एकात वाढली. २०१७ च्या एका चाचणीत ६१ प्रशिक्षित धावपटूंचा २६ आठवडे मागोवा घेतला गेला. त्यात शरीराचे वजन जितके जास्त, तितका पातळ बुटांतील दुखापतींचा धोका अधिक आढळला. साधारण ७१ किलोच्या पुढे हा फरक ठळक होता.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१९ मधील एका अभ्यासात आठ आठवडे पातळ बूट घालून नुसते चालल्याने पावलाच्या स्नायूंची ताकद व्यायामाइतकीच वाढलेली दिसली. २०२१ च्या अभ्यासात सहा महिने रोजच्या वापरात असे बूट घातल्यावर पावलाची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली.

जाड बुटाने संरक्षण मिळते हेही सिद्ध झालेले नाही. २०२२ च्या कॉक्रेन समीक्षेत १२ चाचण्या आणि अकरा हजारांहून अधिक व्यक्तींचा विचार झाला. कोणत्याही विशिष्ट प्रकारच्या बुटाने दुखापती टळतात, असा भक्कम पुरावा तीत मिळाला नाही. ज्या कंपनीने पाच बोटांच्या आकाराचे बूट लोकप्रिय केले, त्या विब्रमनेही आरोग्यविषयक दाव्यांवरील खटला २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलर देऊन मिटविला.

हाडाला वेळ लागतो

बूट कोणताही असो, आपल्या मुलांचे खरे नुकसान होते ते घाईमुळे. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाची हकिगत येथे प्रातिनिधिक म्हणून देतो. शारीरिक चाचणीला सहा आठवडे असताना त्याने नवे पातळ बूट घेतले आणि दुसऱ्याच दिवसापासून डांबरी रस्त्यावर रोज पाच किलोमीटर धावू लागला. तिसऱ्या आठवड्यात पाऊल वरच्या बाजूने दुखू लागले. एक्स-रे निर्दोष आला, म्हणून तो गोळ्या घेऊन धावतच राहिला. तो माझ्यापर्यंत आला तेव्हा दुसऱ्या मेटाटार्सल हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालेले होते. त्या वर्षीची भरती त्याच्या हातून गेली. पुढची जाहिरात कधी निघेल आणि तोवर वयोमर्यादा उरेल काय, हा त्याच्या वडिलांचा प्रश्न होता. त्याला वैद्यकशास्त्रात उत्तर नाही.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. नवा भार पडला की हाड प्रथम जुना भाग शोषून घेते आणि त्यानंतर नवे हाड बांधते. शोषणाचे काम जलद होते, बांधणीला मात्र काही महिने लागतात. श्वास आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उत्साह सर्वाधिक आणि हाड सर्वांत दुबळे, अशी विपरीत स्थिती निर्माण होते. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. हाडावरील एका ठरावीक ठिकाणी बोट दाबल्यावर दुखत असेल, तर निर्दोष एक्स-रेवर विसंबू नये, अशी माझी व्यवसायबंधूंना विनंती आहे. मुलींच्या बाबतीत पाळीची अनियमितता, रक्तक्षय आणि अपुरा आहार यांची चौकशी अवश्य करावी.

कोणी वापरू नयेत?

मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेल्यांनी आणि कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांनी पातळ तळाचे बूट वापरू नयेत, अनवाणीही फिरू नये. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या पादत्राणांचा आग्रह धरला तो याच कारणाने. वेदना ही पायाची राखणदार आहे. ती नसेल तर बाभळीचा काटा तळात रुतून बसला तरी कळत नाही. सकाळी फिरावयास जाणाऱ्या आपल्या समाजातील ज्येष्ठांनी मोनोफिलामेंटची साधी तपासणी करून घेतल्याशिवाय हा प्रयोग करू नये. अकिलीस कंडरेचे दुखणे, पूर्वी झालेले स्ट्रेस फ्रॅक्चर आणि स्थूलता असलेल्यांनीही यापासून दूर राहावे. शिवाय ओल्या मातीत अनवाणी धावणाऱ्यास अंकुशकृमी आणि धनुर्वात यांचा धोका असतो, हे विसरून चालणार नाही.

वापरावयाचे असल्यास

१. चाचणीला सहा महिन्यांहून कमी अवधी असेल तर बूट बदलू नये. ज्या बुटात पाय सुखी आहे, त्यातच सराव करावा.

२. अवधी असल्यास पहिला महिना या बुटांत केवळ चालावे. सोबत टाचा उचलणे, बोटांनी जमिनीवरील कापड ओढणे आणि एका पायावर तोल सांभाळणे हे व्यायाम करावेत.

३. त्यानंतर मातीच्या मैदानावर एक दिवसाआड पाच मिनिटे धावावे. पोटरीचे दुखणे दोन दिवसांत निवळले तरच अवधी वाढवावा.

४. एकूण सरावाचा थोडाच भाग या बुटांत करावा, उरलेला नेहमीच्या बुटांत.

५. पावले लहान टाकून त्यांची गती ५ ते १० टक्क्यांनी वाढवावी. गुडघा व नितंबाचा ताण यानेही घटतो आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

निष्कर्ष

पातळ तळाचे बूट हे पाय बळकट करण्याचे एक उपयुक्त साधन आहे. पण त्याला वेळ द्यावा लागतो आणि ते सर्वांसाठी नाही. भरतीच्या तोंडावर वेग विकत घेण्याचा उपाय म्हणून त्यांचा उपयोग नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या घरी नव्या बुटांसाठी पैसे बाजूला काढले असतील, तर त्यांतील काही दूध, अंडी, शेंगदाणे आणि डाळीवर खर्च करावेत. जाहिरातीची वाट न पाहता सराव वर्षभर चालू ठेवावा. आपल्या संस्थेच्या सदस्यांनी आपापल्या गावातील धावणाऱ्या मुलांचे पाय वर्षातून एकदा तपासून दिले, तरी अनेक घरांची संधी वाचेल.